दोन दरवाजांचे वाडे: लाइपझिग शहर समजून घेताना

लाइपझिगमधल्या जुन्या व्यापारी वाड्यांना दोन दरवाजे असत. एक बाजारचौकाकडे, दुसरा मागच्या गल्लीत. कारण अगदी साधं होतं: घोडे जुंपलेली, मालाने भरलेली गाडी अरुंद अंगणात वळत नाही. म्हणून ती पुढच्या दाराने आत यायची, अंगणात माल उतरवायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायची. तोवर पुढच्या दाराशी दुसरी गाडी उभी असायची. माल वर ओढायला माळ्याच्या खिडक्यांतून लाकडी तुळया बाहेर काढलेल्या, त्यांना कप्पी आणि दोर. खाली दुकानं, वर गोदामं, मधल्या मजल्यांवर राहायच्या खोल्या. जत्रेच्या दिवसांत या खोल्याही परगावच्या व्यापाऱ्यांना भाड्याने जात आणि घरचे लोक कुठे तरी कोपऱ्यात पथारी टाकत. अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेला बार्थेल्स होफ हा असा एक वाडा आजही शाबूत आहे.

हे शहर समजून घ्यायचं तर सुरुवात इथूनच करावी. जर्मनीतली बरीच नावाजलेली शहरं कुणा राजाच्या, बिशपच्या किंवा सरदाराच्या दरबारामुळे मोठी झाली. लाइपझिग ज्या सॅक्सनी राज्यात होतं त्याचा दरबार सोळाव्या शतकापासून ड्रेस्डेनला, शंभरेक किलोमीटर लांब. लाइपझिगला किल्ला होता, पण सिंहासन नव्हतं. होती ती बाजारपेठ. पुस्तकं, संगीत, रेल्वे, कामगार चळवळ आणि शेवटी पूर्व जर्मनीतली १९८९ ची क्रांती, यातलं बहुतेक सगळं या बाजारपेठेच्या वाटेनेच शहरात आलं. क्रांती आणि बाजार यांचा संबंध वरवर ओढूनताणून लावल्यासारखा वाटेल, पण तो थेट आहे. तिथवर पोचायला मात्र जरा मागून यावं लागेल.

जत्रा म्हणजे नेमकं काय

'मेसे' या जर्मन शब्दाचे दोन अर्थ आहेत: चर्चमधली उपासना आणि व्यापारी जत्रा. सणाला माणसं उपासनेसाठी जमत आणि माणसं जमली की बाजार आपसूक भरे. देवाची यात्रा आणि तिला लागून भरणारा बाजार ही जोडी मराठी वाचकाला काही नवी नाही.

लाइपझिगची जागा मोक्याची. पश्चिमेकडून पोलंड-रशियाकडे जाणारा 'विया रेजिया' आणि बाल्टिक समुद्राकडून इटलीकडे उतरणारा 'विया इंपेरिआय', असे दोन हमरस्ते इथे एकमेकांना छेदत. गावाचा पहिला लेखी उल्लेख १०१५ चा. नाव स्लाव भाषेतल्या लिंडेन झाडाच्या शब्दावरून आलेलं. ११६५ च्या सुमारास मायसनचा सरदार ओटो याने गावाला शहराचे आणि बाजाराचे हक्क दिले. इथवरची गोष्ट युरोपातल्या शेकडो गावांसारखीच आहे.

फरक पडला तो १४९७ आणि १५०७ साली. जर्मन राजा (पुढे सम्राट) माक्सिमिलिआन पहिला याने लाइपझिगच्या तीन जत्रांना, म्हणजे नववर्ष, ईस्टर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली मिखाएल सणाची जत्रा यांना, साम्राज्याचं संरक्षण दिलं. दुसऱ्या सनदेने आणखी पुढची मजल मारली: शहराभोवती १५ मैलांच्या परिघात दुसऱ्या कुणी अशी जत्रा भरवायची नाही. हे जुने जर्मन मैल, त्यामुळे आजच्या हिशेबाने हा पट्टा शंभराहून जास्त किलोमीटरचा होतो. शिवाय या पट्ट्यातून जाणारा माल आधी लाइपझिगला आणायचा, तिथे विक्रीला मांडायचा आणि उरला तर पुढे न्यायचा. आडरस्त्याने सटकणाऱ्याचा माल जप्त होई. हाले, माग्डेबुर्ग, एर्फुर्ट या शेजारच्या शहरांच्या पोटावर हा सरळ पाय होता आणि त्यांची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालली. लाइपझिगचे लोक जात्याच व्यापारी वृत्तीचे होते म्हणून शहर वाढलं, असं कुणी सांगितलं तर त्याला ही सनद दाखवावी.

जत्रा सुरू होताना आणि संपताना घंटा वाजे. एक जत्रा साधारण तीन आठवडे चाले: आधी ठोक व्यापार, मग मुख्य आठवडा आणि शेवटचा आठवडा देण्याघेण्याचा. हा शेवटचा आठवडाच सगळ्यात महत्त्वाचा. वर्षभरातल्या हुंड्या, उधाऱ्या, करार यांत 'ईस्टरच्या लाइपझिग जत्रेत चुकते करू' असं लिहिलेलं असे. ज्याने त्या आठवड्यात पैसे दिले नाहीत त्याची पत दोन दिवसांत निम्म्या युरोपभर उतरे. पत टिकवायची तर हजर राहणं भाग, म्हणून पोलंडचे, रशियाचे, बाल्कन देशांतले व्यापारी बर्फ तुडवत येत. ज्यूंना शहरात कायमचं राहायला फार काळ बंदी होती, पण जत्रेपुरती मुभा होती. ब्र्युल नावाच्या रस्त्यावरचा लोकरी कातड्यांचा, म्हणजे फरचा, जगभर पसरलेला धंदा त्यांच्याच जिवावर उभा राहिला. ज्या हातांनी शहर श्रीमंत केलं त्यांना घर मात्र द्यायचं नाही, हा त्या सनदांच्या युगाचा दुसरा चेहरा.

पुस्तकं: तावाला ताव

जत्रेत कापड, फर, मसाले येत तशी पुस्तकंही येत. बांधलेली नव्हेत; नुसते छापील ताव, लाकडी पिंपांत भरलेले. बांधणी ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे करून घ्यायची. प्रकाशक एकमेकांना रोख पैसे देत नसत. तू माझे शंभर ताव घे, मी तुझे शंभर घेतो, असा बदला चाले. यामुळे थोड्या भांडवलात दुकान भरत असे, पण या पद्धतीत एक मोठी खोट होती. ताव मोजला जाई, मजकूर नाही. रद्दी प्रवचनं छापणाऱ्याला चांगल्या लेखकाचं पुस्तक त्याच भावात मिळे. मग चांगल्या लेखकाला मोबदला द्यायचा कुठून?

जर्मन पुस्तकांची जुनी राजधानी फ्रांकफुर्ट. तिथे कॅथलिक सम्राटाचं पुस्तक-तपासणी मंडळ बसलेलं आणि प्रोटेस्टंट ग्रंथांवर त्याची वाकडी नजर. लाइपझिगलाही सेन्सॉर होता, पण तो सॅक्सनीचा. धंद्याला धक्का लागू नये याची काळजी घेणारा. हळूहळू प्रकाशक इकडे सरकले. १७६४ मध्ये लाइपझिगचा प्रकाशक फिलिप एरास्मुस राइश याने फ्रांकफुर्टचं गोदाम बंद केलं आणि जाहीर केलं: यापुढे व्यवहार लाइपझिगला आणि रोखीने. दक्षिणेकडच्या विक्रेत्यांची पंचाईत झाली. त्यांच्याकडे बदल्यात द्यायला ताव होते, रोकड नव्हती. त्यांनी उत्तर दिलं ते चोरट्या आवृत्त्या छापून. लेखकाचा हक्क, प्रकाशकाचा हक्क, पुनर्मुद्रणाची परवानगी हे प्रश्न जर्मन भाषेत एवढ्या जोराने चघळले गेले त्यामागे हे भांडण होतं.

पुढची पायरी हिशेबाची. ईस्टरच्या जत्रेत शेकडो विक्रेते शेकडो प्रकाशकांची देणी फेडायला येत. प्रत्येकाने प्रत्येकाच्या खोलीवर थैली घेऊन जाण्यापेक्षा एकाच दालनात बसून वजावट करावी, ही कल्पना रुजली आणि १८२५ मध्ये पुस्तक-विक्रेत्यांची संघटना स्थापन झाली. तिच्या नावात 'बोर्स', म्हणजे शेअर बाजारासाठी वापरतात तोच शब्द आहे, तो या हिशेबाच्या दालनामुळे. जर्मन प्रदेशातल्या विक्रेत्यांचा लाइपझिगला आडत्या असे. कुठल्याही आडगावी पुस्तक मागवलं की चिठ्ठी लाइपझिगच्या आडत्याकडे, त्याच्याकडून प्रकाशकाच्या लाइपझिगमधल्या गोदामात आणि आठवड्याच्या गठ्ठ्यात पुस्तक गावी. ब्रोकहाउसचे ज्ञानकोश, रेक्लामच्या स्वस्त छोट्या पुस्तकांची १८६७ मध्ये सुरू झालेली माला, बेडेकरची प्रवासदर्शनं, सगळं इथून निघे. बेडेकर म्हणजे कोकणातले नव्हेत, जर्मन, आडनावाचा योगायोग. जगातलं पहिलं दैनिक म्हणून ज्याचं नाव घेतात ते, आठवड्यातून सहा दिवस निघणारं पत्रही १६५० मध्ये लाइपझिगलाच सुरू झालं. बातमी व्यापाऱ्याला लागते आणि व्यापारी इथे होते.

भारताशीही या छापखान्यांचा धागा आहे. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'चा पहिला भाग १८३९ मध्ये हेर्मान ब्रोकहाउस या संस्कृत पंडिताने संपादित केला. त्याच्या घराण्याचाच तो प्रकाशन-व्यवसाय. याच ब्रोकहाउसकडे लाइपझिग विद्यापीठात माक्स म्युलर संस्कृत शिकला आणि १८४३ मध्ये तिथेच त्याने डॉक्टरेट मिळवली. पुण्या-मुंबईत जर्मन शिकायला आपण ज्याच्या नावाच्या भवनात जातो, तो हाच.

पगारी बाख आणि कापडबाजारातलं संगीत

योहान सेबास्टियन बाख १७२३ मध्ये लाइपझिगला आला आणि १७५० मध्ये तिथेच वारला. तो दरबारी संगीतकार म्हणून आला नव्हता; नगरपालिकेचा नोकर म्हणून आला. काम काय? थॉमस शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं आणि गावातल्या मुख्य चर्चना दर रविवारी संगीत पुरवायचं. पहिल्या काही वर्षांत त्याने जवळजवळ दर आठवड्याला नवी रचना केली. ती लिहायची, तिच्या प्रती काढून घ्यायच्या, मुलांकडून बसवून घ्यायची आणि रविवारी सादर करायची.

१७३० मध्ये त्याने पालिकेला एक अर्ज लिहिला. 'नीट ठरवलेलं चर्चसंगीत' कसं असावं याचा तो हिशेब आहे. एका गायकवृंदात किमान १२ मुलं हवीत, १६ असली तर बरं. हाताशी असलेल्या मुलांची त्याने प्रतवारीच करून दिली: १७ कामाची, २० अजून तयार न झालेली, १७ बिनकामाची. त्याच वर्षी एका जुन्या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की लाइपझिगची महागाई फार आणि गेल्या वर्षी हवा चांगली पडल्याने अंत्यविधीच्या गाण्याचं उत्पन्न शंभराहून जास्त थालरनी घटलं. माणसं मरत नाहीत म्हणून वरकड कमाई बुडाली ही तक्रार! महान कलावंताच्या चरित्रात आपण हे शोधत नाही, पण पालिकेच्या नोकरीत कलावंत कसा जगतो ते या दोन कागदांइतकं स्वच्छ कुठे दिसत नाही.

बाखचं दुसरं व्यासपीठ होतं त्सिमरमानचं कॉफीघर. विद्यार्थी आणि हौशी वादकांचा ताफा तिथे एरवी आठवड्यातून एकदा वाजवी. जत्रेच्या दिवसांत दोनदा. गिऱ्हाईक वाढलं की मैफल वाढली.

ऐकायला पैसे मोजणारा हा वर्ग पुढे संस्था उभारतो. १७४३ मध्ये शहरातल्या १६ जणांनी मिळून १६ वादकांचा खर्च उचलला आणि एक संगीतसभा सुरू केली. १७८१ पासून ती कापड-व्यापाऱ्यांच्या जत्रा-इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरू लागली. कापडाची इमारत म्हणजे गेवांडहाउस. जगातल्या एका अव्वल वाद्यवृंदाचं नाव हे असं गोदामावरून पडलेलं आहे. १८३५ मध्ये फेलिक्स मेंडेल्सझोन त्याचा प्रमुख झाला आणि १८४३ मध्ये त्याने जर्मनीतलं पहिलं संगीत महाविद्यालय काढलं. राजाने पोसलेल्या वाद्यवृंदाला राजाची आवड सांभाळावी लागते. इथे तिकीट काढणाऱ्याची सांभाळावी लागे. ती नेहमीच उंच होती असं नाही, पण ती एका माणसाची नव्हती.

सैन्यं, रेल्वे, न्यायालय

ज्या रस्त्यांनी व्यापारी येतात त्याच रस्त्यांनी तोफा येतात. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धामधल्या ब्राइटेनफेल्ड आणि ल्युत्सेन या दोन मोठ्या लढाया याच परिसरातल्या. ऑक्टोबर १८१३ मध्ये इथे नेपोलियनविरुद्ध प्रशिया, ऑस्ट्रिया, रशिया आणि स्वीडन अशी लढाई झाली. चार दिवस, पाच लाखांहून जास्त सैनिक, ९० हजारांच्या आसपास मेलेले आणि जखमी. सॅक्सनीचा राजा शेवटपर्यंत नेपोलियनच्या बाजूला राहिला आणि दंड म्हणून पुढे राज्याचा अर्ध्याहून जास्त मुलूख प्रशियाकडे गेला. लढाईच्या शताब्दीला उभारलेलं ९१ मीटर उंचीचं स्मारक शहराच्या दक्षिणेला आहे. ते भव्य आहे, सुंदर आहे असं म्हणवत नाही.

१८३९ मध्ये लाइपझिग ते ड्रेस्डेन रेल्वे पूर्ण झाली. जर्मनीतला हा पहिला लांब पल्ल्याचा लोहमार्ग, तोही व्यापाऱ्यांनी भागभांडवल काढून बांधलेला. रेल्वेने जत्रेचंच रूप पालटलं. माल इतका वाढला की गाड्यांनी आणून अंगणात उतरवणं जमेना. मग १८९५ मध्ये शहराने नवी पद्धत आणली: माल आणू नका, नमुना आणा. ऑर्डर इथे घ्या, माल कारखान्यातून थेट पाठवा. व्यापार-प्रदर्शनांचं आजचं जगभरचं रूप ते हेच. छतावरून प्रकाश येणारे, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारे 'पासाज' त्यानंतर बांधले गेले. जुन्या दोन दरवाजांच्या वाड्यांचंच ते काचेचं छप्पर घातलेलं रूप. १९१५ चं मुख्य रेल्वेस्थानकही जोड आहे. अर्धे फलाट प्रशियाचे, अर्धे सॅक्सनीचे, २९८ मीटरच्या दर्शनी भिंतीत दोन सारखी प्रवेशदालनं. दोन सरकारांना एकाच दाराने जाणं मान्य नव्हतं.

कामगारांची पहिली जर्मन पार्टी फर्डिनांड लासालने मे १८६३ मध्ये इथेच स्थापन केली. १८६५ मध्ये स्त्रियांची पहिली देशव्यापी संघटनाही इथलीच, लुइझे ओटो-पेटर्स यांची. छापखान्यांच्या गावात वाचणारा कामगार होता, हे त्याचं सरळ कारण. नव्या जर्मन साम्राज्याचं सर्वोच्च न्यायालय १८७९ मध्ये बर्लिनऐवजी लाइपझिगला आलं ते संघराज्यांच्या सभेत ३० विरुद्ध २८ मतांनी. प्रशियाच्या हातात सगळंच नको, हा त्यामागचा हिशेब. याच न्यायालयात १९३३ मध्ये संसदेला लागलेल्या आगीचा खटला चालला. बल्गेरियन कम्युनिस्ट दिमित्रॉव्हने नाझी मंत्री ग्योरिंगला भर कोर्टात उलटे प्रश्न विचारले आणि पुराव्याअभावी सुटला. नाझींनी यातून धडा घेतला आणि राजद्रोहाचे खटले चालवायला स्वतःच्या मुठीतलं वेगळं न्यायालय काढलं.

१९३६ मध्ये शहराचे महापौर कार्ल ग्योर्डेलर परदेशी गेलेले असताना गेवांडहाउससमोरचा मेंडेल्सझोनचा पुतळा हटवण्यात आला. मेंडेल्सझोन जन्माने ज्यू. ग्योर्डेलरनी राजीनामा दिला, पुढे हिटलरविरोधी कटात भाग घेतला आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना फाशी झाली. पुतळ्याची प्रतिकृती २००८ मध्ये पुन्हा उभी राहिली.

अडीच महिन्यांत पुस्तकांची राजधानी गेली

४ डिसेंबर १९४३ च्या पहाटेच्या बॉम्बहल्ल्यात छापखान्यांचा सगळा भाग जळाला. पाच कोटी पुस्तकं गेली असा अंदाज सांगतात. तरीही धंदा तिथेच उभा राहिला असता. घाव बसला तो नंतर. १८ एप्रिल १९४५ ला शहर घेतलं अमेरिकनांनी, पण ठरलेल्या वाटणीप्रमाणे ते रशियाकडे जायचं होतं. जायच्या आधी, जूनमध्ये, अमेरिकनांनी निवडक मोठ्या प्रकाशकांना ट्रकमध्ये बसवून पश्चिमेला वीसबाडेनला नेलं. जुलैच्या आरंभी रशियन सैन्य आलं. मग एकाच नावाची दोन-दोन प्रकाशनं, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, असा चाळीस वर्षांचा संसार चालला. १९४९ मध्ये फ्रांकफुर्टने आपला पुस्तक-मेळा पुन्हा सुरू केला आणि राइशने १७६४ मध्ये जे हिसकावलं होतं ते १८५ वर्षांनी परत नेलं.

पूर्व जर्मनीच्या सरकारने मात्र लाइपझिगची जत्रा जिवापाड सांभाळली. वसंतात एक, शरदात एक. देशाला पश्चिमेकडचं चलन हवं होतं आणि ते इथे मिळे. जत्रेच्या आठवड्यात हॉटेलं पुरत नसत, म्हणून लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना देत. बंद देशातल्या शहरात वर्षातून दोनदा पश्चिमेकडची माणसं, वर्तमानपत्रं आणि कॅमेरे येऊन राहत. सरकारने जत्रा ठेवली आणि सरकारला महाग पडलं ते यामुळेच.

सोमवार, संध्याकाळी पाच

निकोलाय चर्च बाजाराजवळच आहे. आतले खांब वर पानं फुटलेल्या ताडासारखे, अठराव्या शतकाच्या शेवटी केलेले. १९८२ पासून तिथे दर सोमवारी संध्याकाळी पाचला शांतता-प्रार्थना होई. सोमवार आणि पाच ही वेळ पुढे फार उपयोगी पडली: कामावर दांडी न मारता येता येई आणि दर आठवड्याला कुणी आमंत्रण द्यावं लागत नसे. सभेला परवानगी लागे, प्रार्थनेला नाही. कुठे, किती वाजता, हे सगळ्यांना तोंडपाठ.

मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत आकडे फिरवले गेल्याचं कार्यकर्त्यांनी मतमोजणीला हजर राहून पकडलं. उन्हाळ्यात हंगेरीमार्गे लोक पळू लागले. सुट्टीनंतरची पहिली प्रार्थना होती ४ सप्टेंबरला आणि तेव्हा शरदाची जत्रा चालू होती. जत्रेसाठी आलेल्या पश्चिमेकडच्या वार्ताहरांना शहरात चित्रीकरणाची मुभा होती. प्रार्थना संपल्यावर चर्चसमोर काही जणांनी फलक धरला: 'मोकळ्या माणसांचा मोकळा देश हवा'. साध्या वेशातल्या गुप्त पोलिसांनी, म्हणजे श्टाझीच्या माणसांनी, तो काही सेकंदांत हिसकावला. ते हिसकावणं कॅमेऱ्यात आलं, पश्चिम जर्मन टीव्हीवर गेलं आणि तो टीव्ही पूर्व जर्मनीतल्या बहुतेक घरांत दिसे. (ड्रेस्डेनकडे लहरी पोचत नसत, त्या भागाला लोक 'अजाणांचं खोरं' म्हणत.) पुढच्या सोमवारी जत्रा संपली होती, कॅमेरे गेले होते आणि पोलिसांनी अनेकांना उचललं. पण आता देशभर वेळ आणि जागा कळलेली होती.

२ ऑक्टोबरला वीस हजारांच्या आसपास लोक आले. ६ तारखेला स्थानिक वृत्तपत्रात सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या सशस्त्र कामगार-दलाच्या एका तुकडीच्या नावाने पत्र छापून आलं: गरज पडली तर हातात शस्त्र घेऊन हे थांबवू. त्याच जूनमध्ये बेजिंगला रणगाडे चालले होते आणि पूर्व जर्मन नेतृत्वाने त्याला जाहीर पाठिंबा दिला होता. त्यामुळे धमकी पोकळ वाटत नव्हती. ९ तारखेला पोलीस, लष्कर आणि कामगार-दल मिळून सुमारे आठ हजार माणसं तैनात होती. रुग्णालयांत रक्ताचा जादा साठा केल्याची बातमी गावभर फिरत होती. निकोलाय चर्चच्या बाकांवर पक्षाने दुपारीच आपले काहीशे सभासद नेऊन बसवले, म्हणजे इतरांना जागा उरू नये. त्यांनी मग पूर्ण प्रार्थना ऐकली. हा डाव कुणाच्या डोक्यातून निघाला होता कोण जाणे.

दुपारी सहा जण एकत्र आले: गेवांडहाउसचा संचालक कुर्ट मासुर, एक धर्मशास्त्रज्ञ, एक विनोदी कलाकार आणि पक्षाचे तीन जिल्हा चिटणीस. त्यांनी छोटं आवाहन लिहिलं. देशातल्या समाजवादाबद्दल मोकळेपणी बोलणं व्हायला हवं, आम्ही त्यासाठी जोर लावू, तुम्ही संयम ठेवा, असा त्याचा आशय. ते चार चर्चमध्ये वाचलं गेलं आणि मासुरच्या आवाजात रस्त्यावरच्या सार्वजनिक भोंग्यांवरून ऐकवलं गेलं. पक्षाच्या पुढाऱ्याचा आवाज असता तर कुणी थांबलं नसतं. मासुर १९७० पासून त्या वाद्यवृंदाचा प्रमुख होता आणि १९८१ चं नवं सभागृह त्याच्याच पाठपुराव्याने उभं राहिलेलं. गावाला तो आपला वाटे.

मोर्चा निघाला तो रिंगरोडवर. जुना तट पाडून त्या जागी आधी बाग आणि मग रस्ता झालेला. पूर्ण फेरी सुमारे ३.६ किलोमीटर. सरळ रस्त्यावरच्या मोर्चाला समोरून अडवता येतं आणि शेपटाकडून तोडता येतं. वर्तुळावर ७० हजार माणसं उतरली की दोन्ही अवघड. वाटेत रेल्वेस्थानक, पुढे श्टाझीचं 'गोल कोपरा' म्हणून ओळखलं जाणारं मुख्यालय, त्यानंतर थॉमस चर्चची बाजू आणि नवा नगरपालिका-वाडा. श्टाझीसमोरून जाताना घोषणा होती 'हिंसा नको'. अनेकांच्या हातात मेणबत्ती. वाऱ्यात ती विझू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा धरावा लागतो. दगड उचलायला हात उरत नाही.

गोळी का झाडली नाही? एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. तैनाती पाच आकड्यांतल्या छोट्या जमावासाठी आखलेली होती, आला तिप्पट-चौपट. स्थानिक पक्षप्रमुखाने बर्लिनला फोन लावला. तिथून कुणी ठाम 'हो' किंवा 'नाही' म्हटलं नाही आणि उलट फोन आला तोवर मोर्चाने फेरी जवळजवळ पुरी केली होती. सहा जणांच्या आवाहनावर पक्षाच्या तीन सह्या होत्या, त्यामुळे खालच्या अधिकाऱ्याला मागे हटायला कागद मिळाला. आणि जमावाने एकही काच फोडली नाही.

रिफॉर्म्ड चर्चच्या मनोऱ्यावरून दोन जणांनी लपून हे चित्रित केलं. फीत एका पश्चिम जर्मन पत्रकाराबरोबर पश्चिम बर्लिनला गेली आणि दुसऱ्या दिवशी टीव्हीवर दिसली. १६ तारखेला रिंगरोडवर लाखावर लोक होते. १८ तारखेला पूर्व जर्मनीचा सर्वोच्च नेता होनेकर याने पद सोडलं. भिंत उघडली ती ९ नोव्हेंबरला, म्हणजे लाइपझिगनंतर बरोबर एक महिन्याने. बर्लिनची भिंत छायाचित्रात छान दिसते म्हणून जगाला तीच लक्षात राहिली. लाइपझिगच्या लोकांना अजून याचा थोडा राग आहे आणि तो रास्त आहे.

मग काय झालं

पूर्वेकडचा बाजार कोसळला, कारखाने बंद पडले आणि १९३० च्या सुमारास सात लाखांवर असलेली वस्ती १९९८ पर्यंत साडेचार लाखांच्या खाली आली. सगळ्या मालाची एकच जत्रा ही कल्पनाही संपली. १९९६ मध्ये शहराबाहेर सुमारे २४० मीटर लांबीच्या काचेच्या दालनासह नवं प्रदर्शन-केंद्र बांधलं आणि विषयवार प्रदर्शनं सुरू झाली. वसंतातला पुस्तक-मेळा टिकला. फ्रांकफुर्टला हक्क विकले जातात, लाइपझिगला वाचक येतात. वस्ती आता पुन्हा सहा लाखांच्या वर आहे.

जुने वाडे आणि पासाज मोडकळीला आले होते. नव्वदीच्या आरंभी एका पश्चिम जर्मन बिल्डरने बँकांकडून अवाच्या सव्वा कर्जं काढून त्यातले कितीतरी विकत घेतले. १९९४ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं, तो परदेशी पळाला आणि पुढे फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. कारागिरांची सुमारे पाच कोटी मार्कांची बिलं थकली होती. ही रक्कम म्हणजे शेंगदाणे, असं एका मोठ्या बँकेच्या प्रमुखाच्या तोंडून निघालं आणि 'शेंगदाणे' हा त्या वर्षीचा सगळ्यात वाईट शब्द म्हणून निवडला गेला. दुरुस्त्या शेवटी बँकांना पुऱ्या कराव्या लागल्या. बार्थेल्स होफ त्यातलाच. आता अंगणात हॉटेलची टेबलं मांडलेली असतात. बाजारचौकातून आत शिरावं, मान वर करून माळ्यावरच्या तुळया पाहाव्या आणि मागच्या दाराने क्लाइने फ्लाइशरगासे या गल्लीत बाहेर पडावं. समोरच अठराव्या शतकापासून कॉफी पाजणारं घर आहे.